विद्यार्थ्याचा लॅपटॉप : खरेदी आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभी हयात खडूच्या धुळीत काढलेल्या आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने संगणकासारख्या यंत्राविषयी आपणांपुढे बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. आम्हांसही ते तसेच वाटते. परंतु चिटणीसांनी या विषयासाठी आमची निवड केली, तिचे कारण आमचे ज्ञान नसून आमची चूक हे आहे. ही चूक आम्ही त्यांस खाजगीत सांगितली होती. ती सर्वांस सांगावी असा त्यांनी आग्रह धरला, आणि तो आम्हांस मोडवला नाही.

सन २०२१ मध्ये आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस अभियांत्रिकी महाविद्यालयात जावयाचे होते. घरात शिक्षक म्हणून आमचा शब्द अखेरचा. दसऱ्याच्या दिवशी बंधूंस घेऊन आम्ही जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. तेथे एक रुपेरी रंगाचा देखणा लॅपटॉप मांडलेला होता व त्यावर "एक टीबी" अशी मोठी चिठ्ठी लावलेली होती. शेजारच्या यंत्रावर अवघे "२५६ जीबी" लिहिलेले, आणि किंमत मात्र सात हजारांनी अधिक. आम्ही धान्याची कणगी पारखावी तसे यंत्र पारखले. ज्यात अधिक मावते ते चांगले, असा निर्णय देऊन एकतीस हजार रुपये मोजले, यंत्रास हार घातला आणि पेढे वाटले.

पुढील वर्षी दिवाळीच्या सुटीत मुलगी घरी आली, तेव्हा ती प्रोग्राम कागदावर लिहीत बसलेली आम्ही पाहिली. यंत्र पेटीत होते. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, आधी हाताने लिहिले की पक्के होते." शिक्षकास हे उत्तर गोड वाटले. चार दिवसांनी तिच्या आईकडून खरी हकीकत कळली. यंत्र सुरू होण्यास सात-आठ मिनिटे लागत. दोन कामे एकदम उघडली की ते निपचित पडे. रात्री मैत्रिणीची झोपण्याची वेळ झाली, की तिच्या लॅपटॉपवर ही आपले काम करीत असे. काकांनी हौसेने घेतले आहे, त्यांस सांगू नये, असे तिने आईस बजावले होते. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. आजचे भाषण हे त्या दिवसाचे प्रायश्चित्त समजावे.

आमचे चुकले कोठे, ते आता सांगतो. भगिनीवर्गास हे चटकन पटेल. लॅपटॉपमधील साठवण म्हणजे कोठीघर, रॅम म्हणजे ओटा आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. आम्ही कोठीघर प्रशस्त घेतले. परंतु ओटा वीतभर, म्हणजे ४ जीबी, आणि बाई अशक्त. शिवाय कोठीघरही जुन्या पद्धतीचे होते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखा भाग इकडून तिकडे सरकून माहिती शोधतो. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. माहिती चिपमधून थेट येते, म्हणून तिचा वेग कितीतरी पट अधिक. शेजारच्या यंत्रात अवघे २५६ जीबी होते, पण ते एसएसडीचे होते. सात हजारांचा फरक त्याचाच.

सुदैवाने त्या यंत्रात रॅमची एक खाच मोकळी होती. शहरातील एका तरुण कारागिराने तीत आणखी ४ जीबी बसविले आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. साडेचार हजार रुपये खर्च आला. सात मिनिटांचे यंत्र अर्ध्या मिनिटात उघडू लागले. प्रोसेसर मात्र बदलता येत नाही. तो दुबळाच राहिला. यातून आम्ही एक सूत्र शिकलो, तेच आज आपणांस द्यावयाचे आहे : जे पुढे बदलता येत नाही, त्यावर आज पैसा खर्च करावा, जे पुढे वाढविता येते, त्यावर आज काटकसर चालेल, आणि जे केवळ दिसते, त्यावर एक रुपयाही घालू नये.

परंतु यंत्राआधी अभ्यासक्रम पाहावा. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास लेखन, हिशेबाचे तक्ते व टॅली एवढे पुरे होते. त्यास ८ जीबी रॅम भागते. अभियांत्रिकीच्या, विशेषतः संगणकशाखेच्या विद्यार्थ्याने १६ जीबी घ्यावे. निदान तेवढी पुढे वाढविता येईल असे यंत्र घ्यावे. वास्तुशास्त्र व ॲनिमेशन यांस स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते, म्हणून त्यांचा खर्चही वेगळा. काही प्रणाली केवळ विंडोजवरच चालतात. महाविद्यालयात वरच्या वर्गातील मुलांस चार प्रश्न विचारल्याविना दुकानाची पायरी चढू नये.

आता सर्वांस लागू पडणाऱ्या गोष्टी. एसएसडी शक्यतो ५१२ जीबीची असावी. अतिस्वस्त यंत्रांत ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण असते. ती मंद असते व फळीवरच डाखलेली असल्याने बदलता येत नाही, म्हणून ती टाळावी. रॅम डाखलेली आहे की खाचेत बसविलेली, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. सन २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव फार चढले आहेत. तेव्हा "पुढे वाढवू" म्हणताना तो खर्चही आजच हिशेबात धरावा. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असावा, आणि त्याकडे एकदा बाजूने पाहावे. बाजूने पाहताच रंग काळवंडत असतील, तर चार वर्षे त्याकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलाची कीव करावी व दुसरे यंत्र पाहावे.

प्रोसेसरच्या नावात तर मोठीच गफलत होते. इंटेल कंपनीचे सेलेरॉन, अथवा ज्यांचा क्रमांक एन या अक्षराने आरंभ होतो ते, हलक्या कामाचे समजावे. आय-३, आय-५ ही नावे आपण ऐकतो. ते आय अक्षर गाळण्याचे कंपनीने २०२३ साली ठरविले, म्हणून नव्या यंत्रांवर नुसते कोअर ३, कोअर ५ असेही आढळेल. परंतु आय-५ एवढ्याने काही कळत नाही. पुढचा क्रमांक पाहावा : ८२५० असल्यास ती आठवी पिढी, १२३५ असल्यास बारावी. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२० आणि रायझन ५ ७५३० या दोन क्रमांकांत वरवर पाहता दहाचाच फरक. परंतु या मालिकेत यंत्राची रचना तिसरा अंक सांगतो. पहिल्याची रचना जुनी व गाभे चार. दुसऱ्याची नवी व गाभे सहा. शाळेत आम्ही मुलांस स्थानिक किंमत शिकवीत आलो, आणि दुकानात स्वतःच ती विसरलो.

सणाच्या सवलतींविषयीही दोन शब्द. "बिनव्याजी हप्ता" हे शब्द वाचून हुरळून जाऊ नये. त्यात पुष्कळदा प्रक्रियाशुल्क व त्यावरील कर असतो, आणि रोखीस मिळणारी सूट कधी कधी हप्त्यास मिळत नाही. एकूण रक्कम कागदावर मांडावी व मगच होकार द्यावा. पक्के बिल घ्यावे. वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्तीस माणूस घरी येतो की यंत्र शहरी न्यावे लागते, आणि ते केंद्र आपल्या गावापासून किती कोसांवर आहे, हे आधी विचारावे. फसगत झाल्यास सन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या पाठीशी आहे, व १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीस दूरध्वनी करता येतो.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्यापाशी वीस-बावीस हजारच आहेत, आम्ही काय करावे?" अशांस आमचे उत्तर आहे, की तेवढ्या पैशांत नवे पण दुबळे यंत्र घेण्यापेक्षा चांगल्या घराण्यातील वापरलेले यंत्र घ्यावे. मोठ्या कचेऱ्या आपल्या नोकरवर्गासाठी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा मालिकांचे लॅपटॉप घेतात व काही वर्षांनी ते एकदम काढून टाकतात. त्यांची बांधणी दणकट असते, कळफलक चांगला असतो, आणि सुटे भाग मिळतात. मात्र घेताना डोळे उघडे ठेवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो; त्याखालचे यंत्र स्वस्त दिसले तरी घेऊ नये. यंत्राकडून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. आजची निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी. प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी हलवून पाहावी, आणि जुन्या कचेरीचे कुलूप यंत्रात राहिले नाही, याची खात्री करून घ्यावी. बिल व काही महिन्यांची हमी देत नाही, त्या विक्रेत्यास दुरूनच नमस्कार करावा.

याच मार्गाने सन २०२४ मध्ये त्याच बंधूंच्या मुलासाठी आम्ही वापरलेले यंत्र सुचविले. बंधू संतापले. "दादा, मुलीस नवे आणि मुलास जुने? समाजात आम्ही तोंड कसे दाखवावे?" त्यांचा राग आम्हांस समजला, कारण तो राग आमच्याही परिचयाचा आहे.

सज्जनहो, आम्ही १९७४ साली मॅट्रिक झालो, ते याच मंडळाच्या पुस्तकपेढीतील पुस्तकांवर. बीजगणिताच्या पुस्तकावर आधीच्या मुलाचे नाव शाईने खोडलेले होते, आणि समासात त्याने सोडविलेली उदाहरणे होती. त्या अनामिक मुलाने आम्हांस जितके शिकविले, तितके वर्गातही कोणी शिकविले नाही. जुन्या पुस्तकाची आम्हांस कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती पुढच्या वर्षीच्या अहवालात "गरजू विद्यार्थी" या मथळ्याखाली आमचे नाव छापून आले तेव्हा. तो अंक वडिलांनी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता; परंतु तो अंक आमच्या घरात पुन्हा कधी उघडला गेला नाही. बंधूंस आम्ही ही गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर दुकानात आले. एकवीस हजारांत घेतलेले ते यंत्र आजही उत्तम चालते.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे, की पुस्तकपेढीच्या धर्तीवर एक संगणकपेढी काढावी. ज्यांच्या मुलांचे शिक्षण संपले, त्यांनी घरात पडून असलेला लॅपटॉप मंडळाकडे द्यावा. देण्यापूर्वी त्यातील खाजगी माहिती पुरती पुसावी. मंडळाने जाणत्या कारागिराकडून तो तपासून घ्यावा. लागेल तेथे रॅम, एसएसडी वा बॅटरी घालावी, आणि शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्यास वापरण्यास द्यावा. यास लागणारा निधी फार मोठा नाही. आपल्या भोजनसमारंभातील एखादे पक्वान्न कमी केले, तरी वर्षाकाठी चार-पाच यंत्रे उभी राहतील. यासोबत आमची एकच अट आहे. यंत्र कोणी दिले, त्यांची नावे अहवालात अवश्य छापावी. कोणी नेले, त्यांची मात्र कोठेही छापू नयेत, सभेत वाचू नयेत.

आमची पुतणी सन २०२५ मध्ये पदवीधर झाली व आता नोकरीस लागली आहे. या सूचनेविषयी आम्ही तिला पत्राने कळविले, तेव्हा तिने तो रुपेरी लॅपटॉप आमच्याकडे पाठविला. तो आज या मेजावर ठेवला आहे. प्रोसेसर दुबळा आहे, हे आम्ही आधीच सांगतो; परंतु कला अथवा वाणिज्य शाखेच्या मुलास तो निश्चित पुरेल. झाकणाच्या आत तिने स्वहस्ते एक चिठ्ठी चिकटविली आहे : "उजवी बिजागरी सैल आहे, हळू उघडावे. बॅटरी दोन तास टिकते. बाकी सर्व ठीक." दुकानातील त्या मोठ्या चिठ्ठीपेक्षा ही चिठ्ठी आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

संगणकपेढीतील हे पहिले यंत्र मंडळाने स्वीकारावे, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.