आधी समोरच्याचं म्हणणं

शाळेत आपल्याला निबंधाचा एक साचा मिळतो. प्रस्तावना, फायदे, तोटे, आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून सुटका. मार्क पडतात. पण असा निबंध वाचून कुणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही. मत बदलायला निघालेला माणूस मुद्दे कसे लावतो, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात पाहावं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं; हे भाषण त्यासाठीच लिहिलेलं. समोर बसणार होते ते सवर्ण सुधारक. पहिल्याच पानावर ‘शास्त्रांचं प्रामाण्य सोडा’ म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यांचे कान तिथंच मिटले असते. म्हणून सुरुवात होते एका जुन्या, त्यांच्या ओळखीच्या वादापासून: आधी राजकारण की आधी समाजसुधारणा? लगेच पुरावा येतो. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव. तीर्थयात्रेहून परतलेला एक अस्पृश्य माणूस आपल्या माणसांना जेवण देतो, पदार्थ तुपातले. पंगत बसलेली असतानाच लाठ्या घेऊन जमाव येतो, अन्नाची नासधूस करतो, पाहुण्यांना मारतो. गुन्हा काय, तर तूप! इथं विशेषणांची गरजच उरत नाही.

मग पूर्वपक्ष. जात म्हणजे श्रमविभागणी, आणि श्रमविभागणी तर प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागतेच, हे प्रतिपक्षाचं म्हणणं ते आधी नीट मांडतात. त्याचं बुजगावणं करत नाहीत. नंतर दाखवतात की इथं कामांबरोबर कामगारांचीही विभागणी झाली आहे, तीही उतरंडीची. आणि माणसाचा कल न पाहता जन्मावरून धंदा ठरतो. आमच्या वादविवाद स्पर्धांत नेमकी हीच पायरी गाळतात. प्रतिपक्षाचा सगळ्यात लंगडा मुद्दा शोधायचा, त्याला आडवा पाडायचा आणि टाळ्या घ्यायच्या. परीक्षक म्हणून मीही त्या टाळ्यांना गुण दिलेले आहेत, हे कबूल करतो.

जन्माऐवजी गुणकर्मावर ठरणाऱ्या चातुर्वर्ण्याचा आर्यसमाजी पक्ष, म्हणजे खुद्द श्रोत्यांतल्या अनेकांना जवळचा वाटणारा, बऱ्याच वेळानं येतो. शास्त्रं त्याच्याही पुढे. तोवर ऐकणारा इतक्या गोष्टींना ‘हो’ म्हणून बसलेला असतो, की ‘नाही’ म्हणायला त्याला बरंच मागं जावं लागतं.

मंडळानं मजकूर आधी वाचला आणि काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन बारगळलं, त्यांनी स्वखर्चानं १५०० प्रती छापल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका जोडली आणि तिच्यामागे आपलं उत्तर. त्यामुळे आजही त्या पुस्तकात गांधीजींची बाजू गांधीजींच्याच शब्दांत वाचायला मिळते, आणि ती छापलेली असते त्यांच्या विरोधकानं.