मनगट मुरगळलं, एवढंच?



सांगाड्याचं चित्र काढायला सांगितलं की मी हाताचा पंजा पाठीमागे लपवायचो, हाडं मोजायला नकोत म्हणून. बाईंना आठवत असेल. आता तीस वर्षं तीच हाडं मोजतोय.

मागच्या स्नेहमेळाव्यात आपल्यातल्याच एकीने मला मनगट दाखवलं. स्कूटरवरून हातावर पडली होती. मी जेवणाच्या रांगेत, हातात ताट. "एक्स-रे नॉर्मल ना? मग मुरगळलंय, होईल बरं," म्हणून मोकळा झालो. आठ महिन्यांनी ती दवाखान्यात आली तेव्हा तिला कढई उचलवत नव्हती. तिला विचारूनच हे सांगतोय.

मनगटात आठ छोटी हाडं. एक्स-रेत ती दिसतात, त्यांना बांधणारे अस्थिबंध दिसत नाहीत. नावेसारखं एक हाड आणि शेजारचं चंद्रकोरीसारखं, यांच्यामधला बंध तुटला तर साध्या एक्स-रेत कधीकधी काहीच कळत नाही. मूठ घट्ट आवळून काढला, की दोघांमधली फट उघडी पडते. पहिल्या काही आठवड्यांत तो बंध जागेवर शिवता येतो. उशीर झाला की टोकं आक्रसतात, मग शेजारच्या कंडरेची पट्टी घेऊन नवा बंध करावा लागतो. आणखी वर्षं गेली तर सांधाच झिजतो. तिला नवा बंध करावा लागला. दुखणं कमी झालं, पण मनगट पूर्वीइतकं वाकत नाही. सूर्यनमस्कार सुटले.

करंगळीच्या बाजूला कूर्चेची त्रिकोणी गादी असते. कपडे पिळताना, किल्ली फिरवताना, खुर्चीवर रेटून उठताना तिथे कळ येते. गादीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मध्यभागी नसतो. म्हणून कडेची फाट भरून येऊ शकते, मधली सहसा नाही. त्रास थांबलाच नाही तर दुर्बिणीतून कडेला टाके घालतात, मधलं साफ करतात. पण आधी काही आठवडे पट्टा आणि विश्रांती. पुष्कळांचं त्यावरच भागतं. आणि चोळून घेऊ नका!

आपल्या वयात ही गादी थोडीफार झिजतेच. एमआरआयचा रिपोर्ट ग्रुपवर टाकून घाबरणाऱ्यांनो, दुखत नसेल तर त्या रिपोर्टवर ऑपरेशन करत नाहीत. पडल्यावर दोन आठवड्यांनीही दुखत असेल तर मात्र हाताच्या डॉक्टरला दाखवा.

आज कुणाला मनगट दाखवायचं असेल तर जेवणानंतर या. ताट खाली ठेवून, नीट बसून बघतो.