एकस्व आणि लेकराचा वाटा



पेटंटसारख्या विषयावर बोलायला व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेतल्या माणसाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. हा विषय वकिलांचा, फार तर रसायनशास्त्रज्ञांचा, असा समज आहे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे कळले ते पाळी संपल्यावर वाचून कळले. त्यातून एवढे मात्र पक्के उमगले, की हा विषय कर्जत-खालापूरच्या घराघराचा आहे.

पेटंट म्हणजे एकस्व. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'उघडे' असा आहे, आणि त्यातच सारे मर्म आहे. शोधकाने आपली युक्ती कागदावर उघड मांडायची. त्या बदल्यात समाजाने काही वर्षे ती त्याच्या एकट्याच्या हाती ठेवायची. आपल्याकडे आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. म्हणजे हा एक सौदा आहे आणि त्यातला दुसरा पक्ष आपण आहोत. आपण आपला वाटा पुरता पदरात पाडून घेतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

लेकरांचे प्राण वाचवणारे दोन शोध घेऊ.

पहिला कर्बोदकांचा. भात, साखर, बटाटा ही सारी कर्बोदके. जुलाबाने सुकलेल्या मुलाला नुसते पाणी पाजून भागत नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आत जातात. त्यांच्यामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरातून ४ च्या खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. आजचे तिचे माप असे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९. हे माप जागतिक आरोग्य संघटनेने छापून साऱ्या जगाला दिले आहे. आपली मीठ घातलेली तांदळाची पेजही याच कुळातली. तांदळातल्या पिष्टाचे पोटात ग्लुकोजच होते.

परंतु साखर प्रमाणाबाहेर गेली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतो. तरी 'ओआरएस' हे नाव मिरवणारी गोड पेये वर्षानुवर्षे विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. युक्ती सर्वांची झाली, तरी बाजार तिच्या नावावर पैसा काढतो, तो असा.

दुसरा शोध मोटारीतल्या पट्ट्याचा. स्वीडनच्या वोल्व्हो कंपनीतले इंजिनियर निल्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर एकाच वेळी धरणारा तीन टोकांचा पट्टा काढला. १९५९ साली तो मोटारींत आला. पेटंट कंपनीचे होते. तिने ते इतर कारखानदारांना मोकळे केले. मात्र तो पट्टा मोठ्या माणसाच्या अंगाचा. मुलाच्या कमरेच्या हाडावर तो बसत नाही, मऊ पोटावर चढतो. वरचा पदर मानेशी येतो. म्हणून मुलाला उंच करणारी बैठक लागते. अगदी तान्ह्याचे डोके जड आणि मान कोवळी. त्याची बैठक मागे तोंड करून हवी, म्हणजे धक्का साऱ्या पाठीवर वाटला जातो. बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास अशी बैठक करून पाहिली.

२००२ साली पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या खालापुरातून जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम आले, की १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालबैठकीने बांधलेले नसेल तर १००० रुपये दंड. कायदा योग्यच आहे. पण दिवाळीनंतर वीटभट्टीकडे निघालेले आपले कातकरी कुटुंब पाहा. टेम्पोत भांडीकुंडी, त्यावर आई, आईच्या मांडीवर मूल. तिथे ना बैठक, ना पट्टा. बोलिनच्या पट्ट्याला कोणाची आडकाठी उरलेली नाही. तो या टेम्पोपर्यंत मात्र पोहोचलेला नाही.

आता शोधकाकडे वळू. बोलिन पगारी नोकर होते. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात एका फिटरने वाफेच्या झडपेत अशी दुरुस्ती केली, की इंधन वाचू लागले. त्याला शाल-श्रीफळ मिळाले. कागदावर नाव चढले साहेबाचे. आपल्या १९७० च्या कायद्याचे २८ वे कलम शोधकाचे नाव पेटंटात नोंदवू देते. पण त्या नोंदीने पैशाचा हक्क लागत नाही. जर्मनीत १९५७ पासून नोकराच्या शोधाला वाजवी मोबदला देण्याचा कायदा आहे. आपल्याकडे तो नाही. नेमणुकीच्या पत्रातल्या बारीक ओळीवर सही होते आणि कामगाराची अक्कल पगारातच जमा धरली जाते.

तेव्हा आमचे मागणे तिहेरी आहे. ज्याच्या डोक्यातून युक्ती निघाली त्याचे नाव आणि त्याचा मोबदला, हे वेतनकरारात कलम म्हणून लिहून घ्यावे. जलसंजीवनीची पुडी प्रत्येक वाडीवर, पावसाळ्याआधी पोहोचावी. आणि भट्टीवर मजूर नेणाऱ्या मालकाने बसायला आसने आणि पट्टे असलेली गाडी द्यावी. मुलांच्या बैठकांचा खर्च त्यानेच सोसावा. यात नवा शोध कोणताच लावायचा नाही. शोध लागून चुकले आहेत. त्यांची किंमत समाजाने पुरी चुकती केली आहे. आता माल लेकरांच्या हाती पडला पाहिजे.