पोटगी : उपकार नव्हे, श्रमाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



'पोटगी' या शब्दातच पोट आहे. घटस्फोटित स्त्रीचे पोट भरावे, एवढाच या शब्दाचा आवाका. आणि समाजाच्या मनातील कल्पनाही तेवढीच. ज्याच्याशी नाते उरले नाही त्या पुरुषाने महिन्याच्या महिन्याला पैसे का द्यावेत, हा प्रश्न गावच्या पारावर विचारला जातो, तसाच शहरातील सुशिक्षितांच्या बैठकीतही विचारला जातो. देणाऱ्याला पोटगी हा दंड वाटतो, घेणारीला ती भीक वाटते. वस्तुतः ती दंडही नव्हे आणि भीकही नव्हे. या गैरसमजाची किंमत मात्र नेहमी एकाच पक्षाला मोजावी लागते.

शास्त्राने हिंदू विवाह हा अतूट संस्कार मानला. पत्नीचे पोषण हे पतीचे कर्तव्य ठरले. पण विवाह मोडतच नाही असे गृहीत धरल्यामुळे, मोडल्यानंतरच्या कर्तव्याचा विचार झाला नाही. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती तेथे स्त्रीला पाट लावण्याची मोकळीक असे. तथापि मोडलेल्या संसारात तिने घातलेल्या कष्टांचा हिशेब तेथेही कोणी मांडत नसे. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशभरासाठी हिंदू संहितेचा आग्रह धरला. ती रखडल्यावर १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याच संहितेचे तुकडे होऊन १९५५ व १९५६ साली निरनिराळे कायदे संमत झाले.

घटस्फोटानंतरच्या पोटगीचे आज दोन मार्ग आहेत. पहिला हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाचा. घटस्फोटाचा हुकूमनामा देताना किंवा त्यानंतर केव्हाही न्यायालय एकरकमी अथवा मासिक रक्कम ठरवू शकते. हा हक्क पती-पत्नी दोघांनाही आहे. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढविता वा घटविता येते. दावा चालू असतानाच्या खर्चासाठी २४ वे कलम आहे. दुसरा मार्ग फौजदारी कायद्याचा, आणि तो सर्व धर्मीयांना खुला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने १२५ व्या कलमात 'पत्नी' या शब्दाची व्याप्ती वाढवून, पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटित स्त्रीचा त्यात समावेश केला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. पत्नीने घर सोडले या कारणावरून पतीने घटस्फोट मिळविला असला, तरीही निर्वाहाचे साधन नसलेल्या घटस्फोटितेचा हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले.

कायदा आहे, मग अडते कोठे? पहिली अडचण पोटगीच्या मुळाशी असलेल्या कल्पनेत आहे. एका शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. पंधरा वर्षे स्त्री पहाटे उठून गोठा काढते, धारा काढते, स्वयंपाक उरकून खुरपणीला जाते, सासऱ्याचे आजारपण काढते. त्या पंधरा वर्षांत विहीर खोदली जाते, पाइपलाइन येते, आणखी दोन एकर खरेदी होते. सातबारावर नाव पतीचे लागते. किंवा शहरातील कारकुनाचा संसार पाहावा. पत्नी नोकरी सोडून मुले सांभाळते, म्हणून तो रात्रीच्या वर्गांना जाऊन खात्याच्या परीक्षा देतो आणि अधिकारी होतो. घटस्फोटाच्या दिवशी पती जमीन, बढती आणि भावी वेतनवाढ घेऊन बाहेर पडतो. पत्नी बाहेर पडते ती गेलेली वर्षे आणि मोडलेली नोकरी घेऊन. कारखान्यातील कामगाराच्या श्रमातून निर्माण झालेले मूल्य मालकाच्या खात्यावर जमा होते, हे समाजवादी चळवळीने जगाला तावातावाने सांगितले. चुलीपाशी तेच घडते हे सांगताना मात्र त्याच चळवळीचा आवाज पुष्कळदा खाली आला. पतीची आजची कमाई दोघांच्या श्रमातून उभी राहिली असेल, तर पोटगी ही त्या कमाईतील थकलेली वाटणी ठरते.

दुसरी अडचण रुपयाची. १८९८ च्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा महिना ५० रुपये होती. १९२३ साली ती १०० झाली आणि १९५५ साली ५००. नवी संहिता आली तरी ५०० चा आकडा तसाच राहिला. महाराष्ट्रासह काही राज्यांनी आपल्यापुरती थोडी वाढ केली. पण केंद्राच्या कायद्यातील मर्यादा २००१ साली उठली. १९५५ साली दहा ग्रॅम सोने ऐंशी रुपयांच्या आसपास मिळे. २००१ साली त्याला चार हजारांहून अधिक पडत. याच काळात सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळाला, संघटित कामगाराने तो लढून घेतला. टाकलेल्या स्त्रीच्या मागे संघटना नव्हती, म्हणून सेहेचाळीस वर्षे तिचा आकडा हलला नाही. आज मर्यादा नाही. पण हुकूमनाम्यातील आकडा बहुधा गोठलेलाच असतो, आणि वाढीसाठी तिला पुन्हा वकील करून नव्याने अर्ज द्यावा लागतो. २०२५ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महिना ५०,००० रुपये पोटगी ठरविताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढही ठरवून दिली. पाच टक्क्यांनी महागाई भरून निघेल असे नाही. परंतु तत्त्व मान्य झाले आहे, आणि प्रत्येक अर्जात त्याची मागणी झाली पाहिजे.

तिसरी अडचण वसुलीची, आणि सर्वांत कठीण तीच. नोटीस लागताच जमीन भावाच्या नावे होते, दुकान आईचे निघते, पगाराची पावती सापडेनाशी होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयात, दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असा दंडक घालून दिला. फौजदारी मार्गात थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. मात्र रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्यामुळे हातात हुकूम असूनही कैक स्त्रियांचे पैसे बुडतात. २५ व्या कलमाखाली पतीच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा ठेवता येतो. बँकेच्या कर्जाचा बोजा सातबारावर तत्परतेने चढतो. स्त्रीच्या पोटगीचा बोजा चढविण्याची मागणी मात्र क्वचितच होते.

आक्षेप दोन घेतले जातात. पहिला असा की, शिकलेल्या, मिळवत्या स्त्रीला पोटगी कशासाठी? याचे उत्तर सरळ आहे. न्यायालय दोघांचे उत्पन्न पाहते आणि तिच्या कमाईनुसार रक्कम कमी करते किंवा नाकारते; पत्नी सधन व पती निर्धन असेल तर २५ वे कलम त्यालाही हात देते. दुसरा आक्षेप दुरुपयोगाचा. काही अर्ज खोटे असतीलही. किमान वेतनाच्या कायद्याखालीही एखादा दावा खोटा निघतो, म्हणून किमान वेतन रद्द करा असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. खरोखर आक्षेपार्ह गोष्ट निराळीच आहे. पोटगी घेणाऱ्याच्या लैंगिक वर्तनाची अट कायदा घालतो. शब्द पुरुषालाही लागू आहेत. पण घेणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच असल्यामुळे चौकशी त्यांच्याच चारित्र्याची होते. थकलेल्या मजुरीचा दावा करणाऱ्याला रात्री तो कोठे होता असे विचारीत नाहीत.

मग मार्ग कोणता? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही चालतो. विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास तेथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते आणि घटस्फोटानंतर निम्मी निम्मी वाटली जाते. हिंदूही त्याला अपवाद नाहीत. त्या संहितेत दोष नाहीत असे नव्हे. परंतु संसारात मिळविलेली मालमत्ता दोघांची, हे तत्त्व घाटाखाली अमलात असताना घाटावर ते अशक्य का मानावे? महाराष्ट्रातही या विचाराला भूमी आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि टाकलेल्या स्त्रीचा प्रश्न तिच्या नशिबाच्या खात्यातून काढून समाजाच्या खात्यावर मांडला गेला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात कित्येक शेतकऱ्यांनी स्वेच्छेने जमीन पत्नीच्या नावे केली. स्वेच्छेने झाले ते कायद्याने व्हावे, ही पुढची मागणी होय.

कायदा बदलेपर्यंत करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. माहेरी परतलेली स्त्री जेथे राहते तेथील न्यायालयातही फौजदारी मार्गाचा अर्ज करता येतो, हे तिला सांगावे. अर्जास विलंब होऊ देऊ नये, कारण रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. पतीच्या जमिनीचा उतारा, घराची नोंद, साखर कारखान्याकडील उसाची बिले, दूध संघाचे पगारपत्रक हे कागद गावातला कार्यकर्ता मिळवू शकतो. तालुक्याच्या वकिलाला ते सहजी मिळत नाहीत. हुकूम झाल्यावर थकबाकीची वही ठेवावी आणि वर्ष उलटू देऊ नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. तिच्याबरोबर पहिल्या दिवशी तेथे कोणी जावे, एवढीच गरज असते.

आणि एक काम घराच्या आतले. पोटगी बुडविणारे सारे प्रतिगामीच असतात असे नाही. त्यांत मोर्च्यात पुढे चालणारेही सापडतात. मजुराची मजुरी बुडविणाऱ्याला पक्षात स्थान नसेल, तर मोडलेल्या संसारातील स्त्रीचा वाटा बुडविणाऱ्यालाही ते असता कामा नये. हा नियम आपल्या शाखेत प्रथम लागू व्हावा. मग बाहेर बोलण्याचा अधिकार आपोआप येईल.