पाण्याच्या पुढे सायकल

हेडफोन लावून ऐकत असाल तर एक विनंती. सायकल चालवताना हा भाग ऐकू नका. का ते शेवटी सांगतो.

आज बोलायचंय पाटाच्या रस्त्यावर. पाट म्हणजे कालवा. आपल्याकडे नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, कालवा हा शब्द सरकारी कागदावर असतो. घरात सगळे पाटच म्हणतात. "पाटाला पाणी सुटलं का?" असं.

मी पुण्यात नोकरीला आहे, पण आठवड्यातले काही दिवस घरून काम चालतं, म्हणून श्रीरामपूरकडे येणं-जाणं असतं. सुरुवातीला मी सायकल नगर-मनमाड हायवेला चालवायचो. ऊस तोडणीच्या दिवसांत तिथे सायकल चालवून बघा म्हणजे कळेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेजारून जातो, उसाची टोकं बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही. एकदा अशाच ट्रॉलीच्या उसाने खांद्याला फटका दिला आणि मी साइडपट्टीच्या खाली गेलो. फार लागलं नाही. पण घरी आल्यावर आई म्हणाली, "चालवायचीच असेल तर पाटाने जा. तुझे आजोबा बाजाराला पाटानेच जायचे."

मी मॅप उघडला. मॅपवर पाट म्हणजे एक निळी, वेडीवाकडी रेघ. रस्ता असा काही दिसतच नव्हता. प्रत्यक्षात गेलो तर पाटाच्या भरावावर मुरमाची वाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, घास, मका. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मला भेटल्या दोन मोटारसायकली, एक शेळ्यांचा कळप आणि खंड्या पक्षी. तो पाच-सहा वेळा भेटला, कदाचित एकच असेल.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे चढच नाही! गिअर बदलायची वेळ येत नाही. का, तर हा रस्ता माणसांसाठी आखलेलाच नाही. तो पाण्यासाठी आखलाय.

थोडं समजून घेऊ. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. तिथून सोडलेलं पाणी प्रवरा नदीतूनच खाली येतं, आता वाटेत निळवंडे धरण लागतं, आणि संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावर ते अडवून दोन पाटांत वळवलं जातं. एक डावा, एक उजवा. डावा पाट लोणी, श्रीरामपूरच्या बाजूला येतो. आता नदी उतारावरून भराभर खाली जाते. पाट मात्र उंची धरून ठेवतो, किलोमीटरमागे जेमतेम फूट-दोन फूट उतरतो. त्यामुळे जसजसं पुढे जावं तसतसा पाट नदीपेक्षा उंच आणि लांब होत जातो, आणि मधली सगळी जमीन त्याच्या खाली येते. पंप नको, वीज नको, पाणी आपोआप शेतात. ही उंची टिकवायची म्हणून पाट प्रत्येक ओढ्याला, टेकाडाला वळसा घालतो. मॅपवर वेडावाकडा दिसतो तो त्यामुळे.

युरोपातही कालव्यांच्या काठाने लोक सायकली चालवतात. फ्रान्सचा कॅनाल दु मिदी 1681 सालचा आहे. पण तिथले काठाचे रस्ते झाले ते बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी. आपले पाट बोटींचे नाहीत, शेताचे आहेत. आपल्या भरावावरची वाट देखरेखीसाठी आहे. कुठे फुटलंय का, कुठलं दार उघडं राहिलंय का, ते बघायला. त्यामुळे तिथे सायकलवर नवा माणूस दिसला की लोकांना एकच शंका येते.

मला पहिल्याच रविवारी एका काकांनी थांबवलं. "काय पाहुणे, पाणी मोजायला आला का?"

मी म्हटलं, "नाही काका, फिरायला आलोय."

ते हेल्मेटकडे बघत म्हणाले, "पाटावर फिरायला कोण येतं?"

हा प्रश्न किती बरोबर होता ते मला डिसेंबरमध्ये कळलं.

माझ्या मामांचं शेत एका लांब चारीच्या शेवटाला आहे. चारी म्हणजे पाटाची फांदी. शेवटाला म्हणजे 'टेल'ला. हा इंग्रजी शब्द आपल्याकडे अंगठाबहाद्दर म्हाताऱ्यालाही माहीत असतो. हेडला कोण, टेलला कोण, यावर इथे सोयरिकी ठरतात असं मामा गमतीनं म्हणतात.

डिसेंबरात रब्बीचं आवर्तन सुटलं. म्हणजे ठरलेल्या दिवसांसाठी पाटाला पाणी सोडलं. मी त्या शनिवारी पाटावरच होतो, आणि मला पाण्याचं तोंड बघायला मिळालं. कोरड्या पाटात पाणी पहिल्यांदा येतं तेव्हा ते निळंशार वगैरे नसतं. पुढे फेस, पालापाचोळा, बाटल्या, एक चप्पल, आणि मागून तपकिरी पाणी. बगळे त्याच्या बरोबर पुढे चालत होते, बाहेर पडणारे किडे टिपत.

मी पाण्याला मागे टाकून पुढे गेलो. यात फुशारकी काही नाही. पाटातलं पाणी साधारण माणसाच्या चालीने येतं, कोरड्या पाटात त्याहूनही हळू. आरामात चालवली तरी सायकल त्याच्या चार-पाच पट वेगाने जाते.

दुपारी मामांकडे पोचलो. मामांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पाणी कुठवर आलंय?"

मी इंजिनिअर माणूस. फोन काढला. अंतर इतकं, वेग इतका. भागिले. म्हटलं, "मामा, उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या बांधाला."

मामांचा गहू तीन आठवड्यांचा होता. गव्हाला या वेळी पाणी लागतंच, आणि पाण्याबरोबर युरियाचा हप्ता. मामांनी माझ्या भरवशावर रविवारी सकाळी युरिया फेकला.

पाणी आलं पाचव्या दिवशी. तेही अर्ध्या चारीने.

माझ्या गणितात चूक काय होती? मी पाण्याचा वेग धरला, पण वाटेत ते कोण कोण पितं ते धरलं नाही. आधी तर कोरडी माती पिते. त्यानंतर प्रत्येक दार. नियमाप्रमाणे आधी टेल भिजवायचं आणि मग हेडकडे येत जायचं. पण रात्री वरच्या बाजूला एखादं दार वर होतं, एखादा पाइप पाटात पडतो. मी सकाळी सायकलवरून ते पाइप बघितले होते. मला ते फोटो काढण्यासारखे वाटले होते, एवढंच.

जमिनीवर पडून राहिलेला युरिया पाण्याविना हवेत उडून जातो. पैसे तर गेलेच, पिकाची वेळही गेली. मी मामांना म्हटलं, "खताचे पैसे मी देतो." मामा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, निळवंड्याच्या पाटाला पाणी यायला किती वर्षं लागली ठाऊक आहे का? आपले तर चारच दिवस चुकले."

मी नंतर बघितलं. निळवंडे प्रकल्पाला मंजुरी 1970 ची. डाव्या कालव्यात चाचणीचं पहिलं पाणी सुटलं 31 मे 2023 ला. त्रेपन्न वर्षं. 182 गावांसाठीचा प्रकल्प आहे. त्यातल्या किती लोकांनी कोरडा पाट बघतच आयुष्य काढलं असेल! तुमच्या-माझ्यासाठी तो 'फ्लॅट रूट' आहे.

म्हणून आता मी पाटावर जातो ते पाहुण्यासारखा. तुम्हीही जा, मी नको म्हणत नाही. हायवेपेक्षा शंभर पटीने बरं. फक्त काही गोष्टी पाळा.

एक. हा सार्वजनिक रस्ता नाही, पाटबंधारे खात्याचा आहे. फाटक किंवा बोर्ड असेल तिथे थांबा, विचारा.

दोन. अंधारात जाऊ नका. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसात बिबटे आहेत, ही अफवा नाही. उजाडल्यावर निघा, मावळायच्या आत घरी या.

तीन. पाटात उतरू नका, हातपाय धुवायलासुद्धा नाही. अस्तरीकरण केलेल्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

चार. वेड्या बाभळीचे काटे. रुंद टायर, दोन जादा ट्यूब आणि पंप. पावसाळ्यात तर जाऊच नका, काळी माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

पाच, आणि हेडफोनचं कारण हेच. पाटावर कान उघडे ठेवा. मागून येणारी मोटारसायकल, कुत्री, फुटलेल्या भरावातून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज. असं काही दिसलं तर पहिल्या भेटेल त्या शेतकऱ्याला सांगा. तो फोन करेल. त्याला नंबर माहीत असतो.

आवर्तन सुटलं की मामांचा फोन येतोच. "पाटावर आहेस का? तोंड कुठं आलंय?" मी आता गणित करत नाही. जिथे पाणी दिसतं तिथे सायकल उभी करतो, जवळची मोरी कोणती ते सांगतो आणि वर कुठली दारं उघडी दिसली तेही सांगतो. कधी पोचेल, ते विचारलं तर म्हणतो, "मामा, उद्या परत बघून सांगतो."

चला, भेटू पुढच्या भागात. सायकलीत हवा भरून ठेवा.