अंतर किती आणि वेळ किती?



दोन विमानतळांमधील अंतर हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. वेळापत्रक पाहिले की संपले! परंतु आजचे दोन विमानतळ कॅनडाच्या अतिउत्तरेचे आहेत. एक कॉर्नवॉलिस बेटावरील रेझोल्यूट, तर दुसरा एल्समिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ग्रीझ फिओर्ड. २०२१ च्या जनगणनेत दोन्ही गावांची लोकसंख्या मिळून साडेतीनशेही भरली नाही.

या दोन गावांत सुमारे १२ रेखांशांचे अंतर आहे. आपल्या अक्षांशावर १२ रेखांश म्हणजे साडेबाराशे किलोमीटरांहून अधिक. परंतु रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. तेथे, पंचाहत्तराव्या अक्षांशाच्या आसपास, एका रेखांशाची रुंदी अवघी २८-२९ किलोमीटर उरते. शाळेच्या भिंतीवरील मर्केटरचा नकाशा मात्र या रेषा समांतर काढतो आणि तेथील अंतरे चौपट फुगवून दाखवतो. खरे अंतर सुमारे ३८५ किलोमीटरच आहे.

आता वेळेचा हिशेब करू. तेथे ट्विन ऑटर हे लहान विमान जाते. त्याचा वेग ताशी २७५ किलोमीटर धरला, तर प्रवास १ तास २४ मिनिटांचा. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर १ तास ४३ मिनिटे; तोच वारा पाठीशी असेल तर १ तास ११ मिनिटे. गणित येथे संपते; प्रवास मात्र येथे संपत नाही. ग्रीझ फिओर्डची धावपट्टी खडीची, आखूड आणि डोंगरांनी वेढलेली आहे. धुके उतरले की विमान येत नाही. मग दीड तासाच्या वाटेला दिवसच्या दिवस लागतात. गावात इस्पितळ नाही. म्हणून गर्भवती स्त्रीला बाळंतपणाच्या कित्येक आठवडे आधीच घर सोडून दूर जावे लागते. तिच्या दृष्टीने हे अंतर किती, हे कोणते वेळापत्रक सांगणार?

आणि ही माणसे तेथे गेली कशी? १९५३ आणि १९५५ साली कॅनडाच्या सरकारने क्वीबेकच्या उत्तरेकडील इनुकजुआक येथील इनुइट कुटुंबांना जहाजाने सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस नेऊन वसविले. त्यांना तेथल्या महिनोन्‌महिन्यांच्या अंधाराची सवय नव्हती. आपण सारे एकत्र राहू, असे त्यांना वाटत होते. वाटेत कळले की, काहींनी येथे उतरायचे आणि काहींनी तेथे. दोन वर्षांनी परत आणू, हे वचनही पाळले गेले नाही. सरकारने त्यांची जाहीर क्षमा मागितली, ती १८ ऑगस्ट २०१० रोजी. वचन आणि क्षमा यांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

तेव्हा श्रोतेहो, ३८५ किलोमीटर हे उत्तर चूक नाही. पण ते अर्धेच आहे. पट्टीने आणि घड्याळाने मोजायचे ते अवश्य मोजावे. परंतु नकाशावर बोट ठेवून माणसांना इकडून तिकडे हलविणाऱ्याने, त्या बोटाखाली किती घरे झाकली गेली, हेही पाहिले पाहिजे. तेवढे पाहण्याची सवय आपणांस लागली, तरी आजची ही संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.