उशिरा दिलेले बरोबर उत्तर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. माझ्या तोंडी आज यंत्राची भाषा ऐकून माझे सहकारी हसतील. पण ह्या विषयात माझा गुरू नववीतला एक विद्यार्थी आहे. त्याच्याकडून आणि पुढे पुस्तकांतून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या वर्षी ह्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरी वाढू लागली. कारण विचारावे म्हणून मी त्याच्या घरी गेलो. घर दोन खोल्यांचे. वडील नाहीत. आई जेवणाचे डबे करून देते, आणि तिला काही वर्षांपासून ऐकू येत नाही. कुकरची शिटी कळत नाही, म्हणून पाठ वळली की डाळ लागते. एकदा तर कुकर कोरडा पडला. डबे गेले नाहीत की त्या दिवसाचे पैसे गेले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, मी सकाळी घरी थांबून शिट्या मोजतो."

मित्रहो, शिट्या मोजण्यासाठी एका मुलाचे शिक्षण थांबत होते. मी त्याला रागावू शकलो नाही. पण परत निघताना मी सहज म्हणालो, "एवढेच काम असेल तर ते यंत्राने का करू नये?" मुलाने ते मनावर घेतले.

बुधवार पेठेतील तापकीर गल्ली आपल्याला ठाऊक आहे. तेथे मायक्रोकंट्रोलर बसवलेली 'आर्डुइनो उनो' धर्तीची पट्टी काही शे रुपयांत मिळते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीत मावलेला लहानसा संगणक. तिच्याबरोबर मायक्रोफोनची तयार पट्टी आणि चार दिवे घेतले. वर्गणी आम्ही दोन-तीन शिक्षकांनी काढली. प्रश्न होता तो इतकाच, की एवढ्याशा यंत्राला ऐकायला शिकवायचे कसे?

आवाज म्हणजे हवेचे कंपन. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो, आणि यंत्र ठराविक अंतराने तो चढउतार मोजून आकडा लिहिते. ह्या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणावे. ह्या चकतीत आकडा ० ते १०२३ ह्यांच्या दरम्यान येतो. शांतता असली की तो मध्यावर, ५१२ च्या आसपास, राहतो. आमच्या मुलाने सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे ठरवले. पूर्वीच्या टेलिफोन केंद्रांतील आवाजाचेही एवढेच नमुने घेत. एवढ्या नमुन्यांत सेकंदाला ४००० कंपनांपर्यंतचेच सूर ओळखता येतात. त्याहून उंच सूर खोटे रूप घेऊन येतात, जसे सिनेमात भरधाव टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते. म्हणून प्रथम त्या घरच्या कुकरचा सूर मोजला. तो मर्यादेच्या आत निघाला.

आता खरी अडचण ऐका. सेकंदाला ८००० नमुने, म्हणजे दोन नमुन्यांत १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर. ह्या चकतीचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. भागाकार करा: एका नमुन्याच्या वाट्याला फक्त २००० ठोके येतात. नमुना घेणे, हिशोब करणे, निर्णय देणे, सारे त्यातच उरकले पाहिजे. नाही उरकले तर पुढचा नमुना थांबत नाही, तो हातचा निसटतो. म्हणूनच अशा कामात उशिरा दिलेले बरोबर उत्तर हे चूकच धरले जाते.

मुलाची पहिली चूक अशी झाली. प्रत्येक आकडा दिसावा म्हणून त्याने तो संगणकाच्या पडद्यावर लिहायला लावला. त्याने ठेवलेल्या गतीने एक अक्षर पाठवायलाच सुमारे एक मिलिसेकंद लागतो, आणि तेवढ्यात आठ नमुने निघून जातात! यंत्र सांगण्यात गुंतले आणि ऐकायचे राहिले. दुसरी चूकही त्याच जातीची. शिटी झाली की दिवा एक सेकंद पेटवून 'थांब' अशी आज्ञा दिली होती. त्या एका सेकंदात यंत्र आठ हजार नमुन्यांना बहिरे झाले. आईसाठी केलेले यंत्र स्वतःच बहिरे! मग त्याने काम वाटून दिले. घड्याळाच्या ठोक्याला नमुना घेण्याचे काम सर्वांत आधी, आणि दिवा लावणे-विझवणे उरलेल्या वेळात.

तिसरी अडचण हिशोबाची. ह्या चकतीला दशांश अपूर्णांकांचे गणित करण्याची स्वतंत्र सोय नाही. ते करायला लावले तर ठोके फार खर्च होतात. उपाय आपला किराणा दुकानदार जाणतो: रुपयांचे अपूर्णांक करण्यापेक्षा सगळा हिशोब पैशांत मांडावा, म्हणजे पूर्णांकांतच काम भागते.

आणि शिटी ओळखायची कशी? सगळे सूर शोधायला जाल तर ही चकती दमेल. पण हवे आहेत ते मोजकेच सूर. ह्यासाठी गर्टझेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एक सुटसुटीत रीत दिली. तिच्यात एका सुरासाठी दर नमुन्याला एक गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी मिळून दोनच क्रिया पुरतात. फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतात, तेथे दाबलेले बटण ओळखायलाही ही रीत वापरतात. मुलाने दोनशे-दोनशे नमुन्यांचा गट केला, आणि शिटीच्या आसपासचे पाच सूर तपासले. आधी रिक्षाच्या हॉर्नवर दिवा लागे, धाकट्या बहिणीच्या किंचाळण्यावरही लागे. मग अट घातली: एकूण आवाजात ह्याच सुरांचा वाटा मोठा हवा, आणि तो अर्धा सेकंद टिकला पाहिजे. आता एकेका शिटीला एकेक हिरवा दिवा लागतो आणि तिसऱ्या शिटीला मोठा तांबडा दिवा. मिक्सर चालू असला की यंत्र अजून कधी कधी चुकते. म्हणून त्या वेळी आई मिक्सर लावत नाही.

शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, "घरातले बोलणे तर साठवत नाही ना?" प्रश्न योग्य होता. ह्या चकतीची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. तेवढ्यात फार तर पाव सेकंदाचा आवाज मावतो. शिवाय ती इंटरनेटला जोडलेली नाही. ऐकते, उत्तर देते आणि विसरते.

हे लहान काम आहे, पण क्षुल्लक नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, आणि त्यांच्या नमुन्यांचा हिशोब तेथल्या तेथे होतो. आकाशाला 'जरा थांब' म्हणता येत नाही. तेथली यंत्रे प्रचंड, आमची डबी तळहाताएवढी, पण दोघींना नियम एकच.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांना वाटते की असले शिक्षण महागड्या संगणकावाचून, मोठ्या कॉलेजावाचून होत नाही. मुलगा बारावी होऊ दे, मग पाहू, असे आपण म्हणतो. मुलीच्या बाबतीत तेवढेही म्हणत नाही. ह्या मुलाने जे वापरले त्यातले बरेचसे गणित सातवी-आठवीचे आहे: भागाकार, सरासरी, प्रमाण. पट्टीची किंमत एका सणाच्या चपलांइतकी. कमी होता तो फक्त कोणाचा तरी वेळेवर दिलेला आधार. मुलांच्या मनात प्रश्न उठतात तेही त्या नमुन्यांसारखेच असतात, आपली सवड होईपर्यंत ते थांबत नाहीत.

परवा मी पुन्हा त्या घरी गेलो. मुलगा शाळेत होता. मी बोललेले त्या माउलीला ओठांवरून कळते. "कसे चालले आहे?" असे मी विचारले. त्यांनी ओट्यावरच्या डबीकडे बोट दाखवले. तांबडा दिवा लागला होता. "बसा सर," त्या म्हणाल्या, आणि गॅस बंद करायला वळल्या.

त्या महिन्याच्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे एकही गैरहजेरी नाही. आपल्या घरातही एखादे मूल कशासाठी तरी शाळा बुडवून थांबलेले असेल. ते कशासाठी थांबले आहे, एवढे आज घरी जाऊन विचारा.